पळत्याला मुरवण्याचे शास्त्र

लांब पल्ल्याच्या शर्यतीपूर्वी काही महिने डोंगरवाटांवर केल्या जाणाऱ्या सरावाला धावपटूंच्या परिभाषेत ‘हिल ट्रेनिंग’ म्हणतात, आणि त्यामागील तत्त्व असे की चढावर धावणाऱ्याला प्रत्येक पावलागणिक स्वतःचे वजन वर उचलावे लागत असल्यामुळे त्याचे हृदय, फुप्फुसे आणि पोटऱ्या यांना कमी वेगातही इतके काम पडते, की पुढे सपाट रस्त्यावर आल्यावर आपण हलके झालो आहोत असा सुखद भ्रम त्याला होतो. या विषयावरील बहुतेक ग्रंथ परदेशात लिहिले गेले असल्याने त्यांत चढाची तीव्रता, बुटांची पकड आणि नाडीचे ठोके यांची सविस्तर चर्चा आढळते. परंतु अर्ध्या चढावर मोटारसायकल आडवी घालून ‘बसा मागं’ म्हणणाऱ्या सद्गृहस्थाचे काय करावे, याविषयी त्यांत एक ओळही सापडत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात सराव करू पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे.

चढांची मात्र जिल्ह्यात वानवा नाही. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या, राज्यातील या सर्वांत मोठ्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यात, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर, हरिश्चंद्रगड आणि रतनगड उभे आहेत. इतरत्र सह्याद्रीच्या फाट्यांनी चंदनापुरी, इमामपूर, करंजी असे घाट तयार करून ठेवले आहेत. आणि खुद्द शहरातल्या माणसासाठी पाथर्डी रस्त्यावर, साधारण १३ किलोमीटरांवर, चांदबिबी महालाचा चढ आहे. हा महाल वस्तुतः निजामशाहीतील वजीर सलाबतखान याची सोळाव्या शतकातली अष्टकोनी, तीन मजली कबर होय. म्हणजे ज्याची कबर आहे त्याचे तिला नाव नाही, जिचे नाव आहे त्या राणीचा तिच्याशी संबंध नाही, आणि रविवारी सकाळी जो धावत तिथवर पोहोचतो त्याला छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गर्दीत उभे राहून दम टाकायला जागा नाही.

तथापि या जिल्ह्याची देशभर कीर्ती झाली ती चढण्यामुळे नव्हे, तर उतारावरून धावणाऱ्या वस्तूला अडवण्याच्या शास्त्रामुळे. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने ढग अडवल्यानंतर उरलेल्या कोरड्या पट्ट्यात येतो. त्यामुळे जे थोडे पाणी पडते ते गावाबाहेर पळून जाऊ नये यासाठी पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने १९७५ नंतर, आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात १९९० पासून, डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे झाली. या कामांना पाणलोट क्षेत्र विकास असे म्हणतात, आणि त्यांचे सार थोडक्यात सांगायचे तर पळणारे पाणी आधी चालते करायचे, चालणारे थांबवायचे आणि थांबलेले जमिनीत मुरवायचे. त्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे सलग समपातळी चर, अर्थात डोंगराच्या एकाच उंचीच्या रेषेवर आडवा खोदलेला, साधारण दोन फूट रुंद व फूटभर खोल असा खंदक. श्रावणात गवत माजल्यावर हे चर डोळ्यांना दिसेनासे होतात आणि त्यांचे अस्तित्व धावपटूला प्रथम घोट्यामार्फत कळते. चर पाण्यासाठी खोदलेला असला तरी अडवताना तो पाणी आणि माणूस असा भेद करीत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की हा भेद न करण्याची वृत्ती चरापुरती मर्यादित नसून संपूर्ण जिल्ह्याने ती आत्मसात केली आहे, आणि उतारावर किंवा चढावर विनाकारण पळणारा मनुष्य दिसताच इथला समाज त्याला त्याच क्रमाने आधी चालायला, मग थांबायला आणि अखेरीस मुरायला लावतो.

पळणाऱ्याला चालायला लावण्याचे पहिले साधन चौकशी हे होय. वास्तविक पहाटेच्या अंधारात रस्त्यावर पळणे ही ग्रामीण भागात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली गावोगाव पळत असतात, आणि गाव त्यांच्याकडे आदराने पाहते, कारण त्या पळण्याला शेवट आहे आणि त्या शेवटाला पगार आहे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागत असल्याने धावणे या क्रियेची गावमान्य लांबी १,६०० मीटर अशी निश्चित झाली असून, त्यापुढेही जो धावत राहतो तो एकतर मोजायला चुकला आहे किंवा त्याच्यामागे कोणीतरी लागले आहे, असे समजण्याचा प्रघात आहे. धावपटू चाळिशी ओलांडलेला आणि पोटाने किंचित पुढे आलेला असला तरी सभ्यतेचा भाग म्हणून पहिला प्रश्न हाच विचारला जातो, आणि त्यातून पुढील स्वरूपाचा संवाद घडतो:

‘काय पाव्हणं, भरती का?’

‘नाही, असंच.’

‘असंच?’ येथे प्रश्नकर्ता धावपटूला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. ‘मग शुगर असंल.’

ग्रामीण वर्गीकरणात धावण्याची ही दोनच कारणे मान्य आहेत, तिशीच्या आत भरती आणि तिशीच्या पुढे शुगर, म्हणजे मधुमेह. या दोहोंत न बसणारा धावपटू शासकीय अर्जातील ‘इतर’ या रकान्यात जातो आणि त्या रकान्याकडे सगळीकडे पाहतात तसेच त्याच्याकडे पाहिले जाते. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते असे सांगून सुटका करून घेण्याचा प्रयत्न काही जण करतात, पण तो अंगाशी येतो. कारण पारावर बसलेल्यांत एखादे निवृत्त गुरुजी हमखास असतात आणि ते तेवढ्या वेळात भागाकार करून, ही सलग सव्वीस भरत्यांची पळापळ आहे आणि त्यांतल्या एकीतही नोकरी नाही, असा निष्कर्ष मोठ्याने जाहीर करतात. गुरुजींचे गणित बरोबर असल्याने त्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही.

चौकशीला दाद न देणाऱ्यासाठी मोटारसायकल आहे. तिचा स्वार मागून येतो, वेग कमी करतो, दुसऱ्या गिअरमध्ये धावपटूच्या बरोबरीने चालू लागतो आणि कुठवर जायचे आहे ते विचारतो. धावण्याच्या शास्त्रात ‘बोलण्याची कसोटी’ नावाची एक पद्धत आहे, जिच्यानुसार ज्या वेगात पूर्ण वाक्ये बोलता येतात तो सोपा वेग आणि ज्या वेगात एकेक शब्द तुटक निघतो तो कठीण वेग मानला जातो. करंजी घाटात ही कसोटी अशा रीतीने विनामूल्य उपलब्ध होते. कठीण वेगात निघालेला ‘नको’ हा तुटक शब्द मात्र स्वाराला तुसडेपणाचा वाटतो, दुसऱ्या नकारानंतर तो बूट चांगले असल्याचे सांगून त्यांची किंमत विचारतो, आणि तिसऱ्या नकारानंतर, आवाज थोडा खाली आणून, ‘पैसं नाय घेणार मी’ अशी ग्वाही देतो. इतक्या निर्मळ सद्भावनेपुढे धावत राहणे फार थोड्यांना जमते. बहुतेक जण या टप्प्यावर चालू लागतात आणि पाणलोटाचा पहिला टप्पा पूर्ण होतो.

घाटात धावपटूला मागे टाकता येईल असे एकच वाहन असते आणि ते म्हणजे गाळप हंगामातील उसाचा ट्रॅक्टर. पावसाळा सरल्यावर कारखान्यांची धुराडी पेटली की दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, त्यांवरील कर्ण्यांतून गाणी वाजवत, रस्त्यांवर उतरतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा सराव नेमका याच महिन्यांत येतो. चढावर हे वाहन माणसाच्या धावेच्या वेगाला उतरते, त्यामुळे धावपटू त्याला गाठतो, ओलांडतो आणि त्याला स्वतःविषयी बरे वाटू लागते. पुढे सपाटी लागताच ट्रॅक्टर त्याला ओलांडतो, पुन्हा चढ येतो, पुन्हा धावपटू पुढे जातो, आणि या अदलाबदलीत दोघांची एकही शब्द न बोलता ओळख होते. तिसऱ्यांदा समोरासमोर आल्यावर ट्रॅक्टरवरचा पोऱ्या मोळीतून एक टिपरू, म्हणजे उसाचे कांडे, ओढून काढतो आणि खाली धरतो. ते नाकारणे अशक्य असते. तीन फूट लांबीचे टिपरू हातात घेऊन, उजव्या हाताच्या झोक्याला अडथळा न आणता, घाट कसा चढावा, हे कोणत्याही प्रशिक्षण-पुस्तिकेत दिलेले नाही. अनुभवी लोक ते मधोमध धरतात आणि समोरून कुत्री आल्यास त्याचा दुहेरी उपयोग करतात.

कुत्र्यांचा उल्लेख आलाच आहे, तर ‘फार्टलेक’ या पद्धतीविषयीही सांगायला हवे. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर या प्रशिक्षकाने रूढ केलेल्या या पद्धतीत धावपटू ठरावीक वेळापत्रक न पाळता, मनात येईल तेव्हा वेग वाढवतो आणि मनात येईल तेव्हा कमी करतो. अकोले आणि संगमनेरच्या वस्त्यांवर ही पद्धत जशीच्या तशी पाळली जाते, फक्त केव्हा वेग वाढवायचा हे कुत्री ठरवतात. ऊसपट्ट्यात हा निर्णय क्वचित बिबट्याकडेही जातो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील शेतशिवारात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले होते. जंगल नव्हे, तर ऊस, मका आणि माणसे असलेल्या भागातला हा आकडा आहे. अंधारात एकट्याने फिरू नये, बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावत जावे आणि खाली वाकून बसू नये, कारण वाकलेला मनुष्य चार पायांच्या भक्ष्यासारखा दिसतो, अशा सूचना या भागात लहान मुलांनाही पाठ असतात. परिणामी अकोल्यात पहाटे सुटलेली बुटाची नाडी उजाडेपर्यंत सुटलेलीच राहते, आणि ज्या दिवशी वेळापत्रकात ‘हलकी धाव’ असे लिहिलेले असते त्या दिवशी बांधाला खसखस ऐकू आली की महिन्यातली सर्वोत्तम वेळ नोंदली जाते. या जिल्ह्यात धावपटूला न अडवणारा, उलट त्याच्या प्रगतीस हातभार लावणारा, एवढाच एक घटक आहे.

मुरवण्याच्या टप्प्याचे मुख्य साधन चहा. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली शर्करा, जिला ग्लायकोजेन म्हणतात, ती दीड-दोन तासांच्या धावेनंतर ओसरू लागते, आणि म्हणून लांब धावेत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असे आहारशास्त्र सांगते. शहरी धावपटू त्यासाठी ‘जेल’ नावाचा चिकट, गोड पदार्थ पुडीतून चोखतो आणि त्याची किंमत आठवून त्याला आणखी थोडी शक्ती येते. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीजवळ प्रवरानगरला देशातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, तिथे साखर पुडीतून आणावी हे लोकांना रुचत नाही. वस्तीवरच्या घरी ओतला जाणारा चहा कर्बोदकांच्या बाबतीत जेलला हार जाणारा नसतो. अडचण एवढीच की तो बसून प्यावा लागतो. धावपटू ओट्यावर टेकतो, मनगटावरचे घड्याळ हालचाल थांबल्याचे ओळखून स्वतःही थांबते, घाम वाळतो, पोटऱ्या आखडू लागतात, आणि तेवढ्यात कपबशी पुढे येते. ज्याने मघाशी प्रश्न टाळण्यासाठी ‘हो, शुगरच आहे’ असे सांगून टाकले असेल, त्याला बिनसाखरेचा चहा मिळतो आणि उरलेले १२ किलोमीटर त्या एका असत्याचे प्रायश्चित्त घेण्यात जातात. बाकीच्यांना दुसरा कप मिळतो. त्यानंतर विहीर दाखवली जाते, बोअर किती फुटांवर लागले ते सांगितले जाते, मुलीला दहावीला किती टक्के पडले ते तिलाच बाहेर बोलावून सांगायला लावले जाते, आणि नगरमध्ये कोणत्या गल्लीत राहता या प्रश्नातून दोन्हीकडचे एक समान पाहुणे निघतात. या अवस्थेत धावपटू मुरला असे समजावे.

शर्यतींचे वेळापत्रक असे की सप्टेंबरमधली, यवतेश्वर घाट चढून जाणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन ज्यांना धावायची असते त्यांचा सराव ऐन पावसाळ्यात पडतो, आणि मग ते भंडारदऱ्याकडे व बारीमार्गे कळसूबाईकडे वळतात. बारी हे पायथ्याचे गाव होय. तिथून निघालेला धावपटू पाठीवर पाण्याची पिशवी, त्या पिशवीला नळी, पायांत खाचांचे बूट, हातांत कार्बनच्या काठ्या असा सुसज्ज असतो, आणि लोखंडी शिड्यांच्या अलीकडे त्याला साध्या चपला घातलेली एक बाई, डोक्यावर ताकाची भरलेली कळशी घेऊन, ‘जरा सरका दादा’ असे म्हणत ओलांडून जाते. वर पोहोचल्यावर तिच्याकडूनच ताक विकत घ्यावे लागते. ती रोज, हंगामभर, ओझ्यासह तेवढाच चढ चढते, आणि तिच्या या उपक्रमाला कोणी ‘भारासह पुनरावृत्त चढाव-सराव’ असे म्हटल्याची नोंद नाही. हीच गोष्ट पारनेर भागातल्या धनगर मेंढपाळांची: पावसाळा संपला की कळप, घोडी, बिऱ्हाड आणि लहान पोरे यांच्यासह ते घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पुढचा पावसाळा येण्याआधी तोच घाट चढून परत येतात; वाटेत पाणपोईचे तंबू नसतात, टाळ्या वाजवणारे नसतात आणि गळ्यात घालायला पदकही नसते. त्यांच्या कळपात अडकलेला धावपटू पंधरा मिनिटे मेंढ्यांच्या चालीने चालतो, आणि ती पंधरा मिनिटे त्याच्या घड्याळात ‘कामगिरी घसरली’ अशी नोंदली जातात.

चढापेक्षा उतार जास्त लागतो, हे नवख्याला पटत नाही. चढताना मांडीचा स्नायू आखडतो आणि आखूड होतो, ते त्याला मानवते. उतरताना मात्र शरीराला लगाम घालण्यासाठी त्याच स्नायूला ताणले जात असतानाच जोर लावावा लागतो, आणि या उलट्या कामामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होतात, ज्यांचे दुखणे लगेच न जाणवता एक ते तीन दिवसांनी कळसाला पोहोचते. म्हणून रविवारी शिखरावरून उड्या मारत खाली आलेला मनुष्य मंगळवारी कचेरीचा जिना उलट्या दिशेने, कठड्याला धरून उतरताना आढळतो. सहकारी आस्थेने ‘पडलात का?’ असे विचारतात. पडलो असे सांगणे सोपे असल्यामुळे बहुतेक जण तसेच सांगतात.

याहून मोठी आकांक्षा असणारे दक्षिण आफ्रिकेतील ‘कॉम्रेड्स’ची तयारी करतात. १९२१ मध्ये सुरू झालेल्या, डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या शहरांदरम्यानच्या या सुमारे ९० किलोमीटरांच्या शर्यतीत महाराष्ट्रातून अनेक जण उतरतात. वाटेत नावाजलेले पाच डोंगर आहेत, आणि करंजी घाट पाहिलेल्या माणसाला त्यांचे भय वाटत नाही. भय वाटते ते शेवटाचे. बारा तास पूर्ण होताच एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. त्यानंतर एका पावलाने उशीर झालेल्यालाही पदक मिळत नाही. त्याने पाठ करावी ती कोणाचा चेहरा पाहून मन द्रवू नये म्हणून. नगर जिल्ह्यात असा अधिकारी नेमणे शक्य होणार नाही, कारण तो पाठ करील न करील तोच मागून कोणीतरी त्याचे गाव विचारील.

शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत सराव क्रमाने कमी करत आणतात, या काळाला ‘टेपर’ म्हणतात, आणि त्यात कमी धावावे, वेळेवर जेवावे, भरपूर झोपावे आणि शक्य तिथे बसून राहावे असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. म्हणजे चार महिन्यांच्या सरावात ज्याच्यापासून धावपटू पळत आलेला असतो, तेच आता वेळापत्रकात छापून येते. अशा एखाद्या सकाळी तो सावकाश चालत घाटाच्या पायथ्याशी येतो. मागून ओळखीची मोटारसायकल येते, वेग कमी होतो, आणि स्वाराने काही म्हणण्याआधीच तो मागे बसतो. पुढच्या वळणापर्यंत स्वार काही बोलत नाही. मग मान अर्धी मागे वळवून, जपून विचारतो, ‘नापास झाला का?’ आणि उत्तराची वाट न पाहता गिअर टाकतो. ‘होतं हो एखाद्या वेळंला. पुढची भरती निघंलच की.’